‘मुली घोकतात, मुलगे समजून घेतात’ या समजुतीविषयी

प्रश्न : पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी चार वर्षांपासून द्वितीय वर्षाला शिकवते. वर्गातील मुलींच्या वह्या नीटनेटक्या असतात, सबमिशन वेळेवर होते आणि गुणही बहुधा चांगले मिळतात. मात्र त्या वर्गात फारशा बोलत नाहीत. मुलगे शंका विचारतात, वाद घालतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करतात. ‘मुली घोकतात, मुलगे समजून घेतात’ असे आमच्या स्टाफरूममध्ये सर्रास म्हटले जाते. याला संशोधनाचा काही आधार आहे का? हे तपासण्यासाठी वर्गात एक प्रश्नावली भरून घेण्याचा विचार आहे. ती कशी घ्यावी?

उत्तर : तुमच्या स्टाफरूममधले हे वाक्य माझ्या जुन्या ओळखीचे आहे. शैक्षणिक मानसशास्त्र शिकवायला मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रुजू झाले, त्याच वर्षी ते मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ऐकवले होते, आणि पुढची काही वर्षे मीही ते निदान अर्धेमुर्धे खरे मानत होते. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयींशी तीस वर्षे जवळून संबंध आल्यानंतर माझे उत्तर असे आहे, की तुम्ही वर्गात जे पाहिले ते बहुतेक सगळे खरे असेल, पण स्टाफरूमने त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अभ्यासाची रीत मुलीच्या किंवा मुलाच्या अंगी जन्मतः चिकटलेली नसते. समोर कोणते काम आहे, ते कसे तपासले जाणार आहे, आणि ते करायला किती वेळ, कोणती जागा व कोणाची सोबत मिळते, यांतून ती ठरते; आणि मुली-मुलग्यांमधला फरक शोधायला निघालेले आपण नेमक्या याच गोष्टी मोजायच्या विसरतो.

या विषयातली मूळ कल्पना स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातून आली. फेरेन्स मार्टोन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला आणि मग लेखाचे म्हणणे काय होते व तुम्ही तो कसा वाचलात, या दोन गोष्टी खोदून विचारल्या. काहींनी लेखकाला काय म्हणायचे आहे याचा माग काढत वाचले होते. काहींनी ‘यावर आपल्याला प्रश्न येणार’ या धास्तीने वाक्ये आणि आकडे डोक्यात साठवायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांतल्या अनेकांच्या हातून लेखाचा मुद्दाच निसटला होता. पहिल्या रीतीला सखोल आणि दुसरीला वरवरची म्हणण्याचा प्रघात तेव्हापासून पडला. आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘अध्ययन उपागम’ असा जड शब्द आहे; मी इथे साधेपणाने ‘अभ्यासाची रीत’ म्हणते.

त्या संशोधनाचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तुमच्या प्रश्नासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. मार्टोन आणि सेल्यो यांनी नंतर मजकुराच्या अधेमधे प्रश्न पेरून पाहिले. ज्यांना तपशिलाचे प्रश्न विचारले गेले ते पुढचा मजकूर तपशिलासाठीच वाचू लागले. दुसऱ्या गटाला सखोल वाचायला लावावे म्हणून युक्तिवादाविषयीचे प्रश्न आणि सारांश मागितला, तर त्यांतल्या काहींनी सारांश तयार करण्याचे तंत्रच आत्मसात केले. मुद्दे ओळीने मांडता आले की काम झाले, त्यामागचा अर्थ लागला नाही तरी चालेल, अशी त्यांची समजूत झाली. म्हणजे एखाद्याला वरवरच्या रीतीकडे ढकलणे सोपे आहे आणि सखोल रीतीकडे ओढून नेणे अवघड आहे. आपल्याकडे ‘उच्च विचारकौशल्याचे’ प्रश्न प्रश्नपत्रिकेत आले, की दोन वर्षांत त्यांचीही तयार उत्तरे झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागतात, हा त्याच अनुभवाचा पुणेरी अवतार आहे.

इंग्लंडमध्ये नोएल एन्टविसल आणि पॉल रॅम्सडेन यांनी १९८३ पर्यंत यात तिसरी, धोरणी रीत जोडली. असा विद्यार्थी समजून घ्यायचे की पाठ करायचे याचा निर्णय गुणांवर नजर ठेवून घेतो, वेळेचे नियोजन चोख करतो आणि परीक्षकाला काय आवडते याचा अंदाज बांधतो. आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गात ही रीत सर्वांत फोफावलेली दिसते, आणि त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये बहुतेक लेखी विषयांना पहिल्या दोन युनिटांवर ३० गुणांची इन-सेम, म्हणजे सत्राच्या मध्यावरची परीक्षा, आणि उरलेल्या चार युनिटांवर ७० गुणांची एंड-सेम, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, अशी रचना होती, आणि प्रत्येक युनिटावर ‘हा प्रश्न किंवा तो प्रश्न’ असा पर्याय होता. या रचनेत पहिल्या दोन युनिटांचा पुढच्या चारांशी संबंध जोडण्याचे कोणतेही बक्षीस नव्हते. इन-सेम संपली की ती दोन युनिटे गंगेला मिळाली. जो विद्यार्थी गेल्या काही प्रश्नपत्रिका पाहून ‘आयएमपी’, म्हणजे हमखास येणारे प्रश्न, काढतो, तो आळशी असेलच असे नाही. त्याने व्यवस्था नीट वाचलेली असते. हे वाचन मुली आणि मुलगे सारख्याच हुशारीने करतात. फरक एवढाच पडतो, की कोणी ते सत्राच्या सुरुवातीला करते आणि कोणी पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत.

आता थेट स्त्री-पुरुष तुलनेकडे येते. साबीन सेव्हरिन्स आणि खीर्त तेन दाम या डच संशोधकांनी १९९४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पुरुष पदवीच्या उपयोगाकडे थोडे अधिक आणि स्त्रिया विषयाच्या ओढीकडे थोड्या अधिक झुकलेल्या दिसल्या. म्हणजे जे काही दिसले ते तुमच्या स्टाफरूमच्या म्हणण्याला पाठिंबा देणारे नव्हते. शिवाय हे फरक लहान होते आणि एका अभ्यासातून दुसऱ्यात त्यांचे प्रमाण बदलत होते. ब्रिटनमधले जॉन रिचर्डसन यांनी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे निष्कर्ष तपासून, अभ्यासाच्या रीतीत स्त्री-पुरुषांमध्ये सातत्याने आढळणारा फरक नाही, असे मत मांडले. त्यांनी जोडलेली पुस्ती मला मोलाची वाटते: प्रश्नावलीतले आकडे सारखे आले म्हणजे अनुभव सारखा असतो असे नाही, आणि अनुभव समजून घ्यायचा तर मुलाखती घ्याव्या लागतात.

मुलाखतींच्या वाटेने गेलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. हार्वर्डमधले विल्यम पेरी यांनी विद्यार्थ्यांची विचारसरणी पदवीच्या वर्षांत कशी बदलत जाते याचा आराखडा १९७० मध्ये मांडला, पण तो मुख्यतः तरुण पुरुषांच्या मुलाखतींवर उभा होता. त्याला उत्तर म्हणून मेरी बेलेंकी आणि त्यांच्या तीन सहकारी संशोधिकांनी १३५ स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये दोन प्रकार पुढे ठेवले. एकात माणूस समोरच्या म्हणण्यातल्या त्रुटी शोधत शोधत ते समजून घेतो. दुसऱ्यात आधी समोरच्याच्या जागी उभे राहून त्याला तसे का वाटते हे पाहतो. हे काम खूप गाजले आणि त्याची बरीच ओढाताणही झाली, कारण त्यात पुरुषांच्या मुलाखती नसल्यामुळे हे प्रकार स्त्रियांचे आहेत असे त्यातून सिद्ध होणेच शक्य नव्हते. मार्शा बॅक्स्टर मॅगोल्डा यांनी ही उणीव भरून काढली. ओहायोमधल्या एका विद्यापीठात त्यांनी १९८६ पासून ५१ मुली आणि ५० मुलगे अशा १०१ विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षे संवाद ठेवला. सुरुवातीच्या वर्षांत मुली ऐकून-टिपून घेण्याकडे आणि मुलगे बोलून, स्वतःला अजमावून शिकण्याकडे काहीसे झुकलेले त्यांना आढळले, पण दोन्ही तऱ्हांत दोन्हींकडचे विद्यार्थी होते, आणि पुढच्या टप्प्यांवर या वाटा एकमेकींच्या जवळ आल्या. या तऱ्हा लिंगभावाशी निगडित असल्या तरी लिंगभावाने ठरवून दिलेल्या नाहीत, ही त्यांची भूमिका आहे. टिपून घेणारी मुलगी आणि प्रश्न टाकणारा मुलगा एकाच पायरीवर उभे असू शकतात, ही त्यांच्या कामातली गोष्ट मी तुमच्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगेन.

‘लहान फरक’ या शब्दांचा अर्थ आकड्यांत पाहिल्याखेरीज मनावर ठसत नाही. समजा, एखाद्या मोजपट्टीवर मुलींची सरासरी मुलग्यांपेक्षा प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाच्या, एक पंचमांशाने जास्त आली. संख्याशास्त्रात याला लहान परिणाम म्हणतात. अशा वेळी दोन्ही गटांचे आलेख सुमारे ९२ टक्के एकमेकांवर पडतात. वर्गातून डोळे मिटून एक मुलगी आणि एक मुलगा निवडला, तर शंभरापैकी सुमारे ५६ वेळा मुलीचा आकडा जास्त निघेल आणि ४४ वेळा मुलाचा. नाणे उडवून सांगितलेल्या भविष्यापेक्षा हे फार बरे नाही. तरीही पाचशे मुली आणि पाचशे मुलगे घेतले, तर हाच फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर सहज ‘सार्थ’, म्हणजे निव्वळ योगायोगाने आला नसावा असा, ठरतो, आणि मग प्रबंधात ‘मुली व मुलगे यांच्या अध्ययन उपागमांत सार्थ फरक आहे’ असे ठसठशीत वाक्य येते. असे प्रबंध तपासताना मी दरवेळी समासात ‘किती?’ एवढाच शब्द लिहीत असे. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष मानसिक फरकांविषयीच्या ४६ एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेतला, तेव्हा ७८ टक्के फरक शून्याच्या जवळपास किंवा लहान निघाले होते.

मग मुलींना गुण जास्त का मिळतात? हा फरक खरा आहे आणि केवळ पुण्यापुरता नाही. डॅनियल आणि सुझन व्हॉयर यांनी २०१४ मध्ये शाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या गुणांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात सर्वच विषयांत मुली थोड्या पुढे दिसल्या. भाषेत अधिक, गणितात सर्वांत कमी. अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांमध्ये पाहिले, तेव्हा मुलींच्या वर्गातील गुणांमागे त्यांची स्वयंशिस्त हे मोठे कारण निघाले. तुमच्या वर्गातल्या नीटनेटक्या वह्या आणि वेळेवरची सबमिशने याच शिस्तीची खूण आहेत. पण शिस्त आणि घोकंपट्टी या एका घरच्या नव्हेत. नेमाने अभ्यास करणारा विद्यार्थी समजूनही घेत असेल किंवा नुसते उतरवूनही काढत असेल. वहीच्या समासावरून ते कळत नाही. तसेच आदल्या रात्री जागणारा मुलगा समजून घेतो ही तर मला कायमच अजब वाटलेली समजूत आहे. एका रात्रीत चार युनिटे उरकायची तर वरवरच्या रीतीखेरीज त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. त्याला आपण हुशारीचे श्रेय देतो, आणि तिच्या मेहनतीला मात्र ‘रट्टा’ म्हणतो.

याच अनुषंगाने पाठांतराविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडे घोटाळा तिथेच होतो. हाँगकाँग आणि चीनमधले विद्यार्थी भरपूर पाठ करतात, तरीही त्यांची समज उत्तम कशी, हे कोडे पाश्चात्त्य संशोधकांना बरीच वर्षे सुटत नव्हते. डेव्हिड वॉटकिन्स, जॉन बिग्ज आणि मार्टोन यांच्या १९९० च्या दशकातल्या कामातून असे पुढे आले, की तिथे पाठांतर आणि समज यांचा झगडा नाही; पुन्हा पुन्हा म्हणताना दरवेळी नवा अर्थ लागत जातो आणि समजलेले पक्के व्हावे म्हणून पाठ केले जाते. आपल्याकडे ज्याने गाणे शिकले आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. तीच बंदिश महिनोन् महिने घोटल्यावर एके दिवशी राग उलगडतो, त्याला कोणी घोकंपट्टी म्हणत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या वहीत तीन रंगांच्या शाईने सगळ्या व्याख्या शब्दशः उतरवलेल्या असत, आणि मी मनात तिला ‘पाठांतरवाली’ म्हणून निकालात काढले होते. तोंडी परीक्षेत मी एक व्याख्या थोडी मोडून विचारली, तेव्हा तिने माझी चूक दाखवली, व्याख्येतला कोणता शब्द का अत्यावश्यक आहे हे सांगितले आणि तो शब्द काढला तर कोणते उदाहरण त्यात चुकीने बसेल तेही सांगितले. ती शब्दशः पाठ करत होती, कारण कोणते शब्द बदलता येत नाहीत हे तिला समजले होते. त्याच वर्षी वर्गात सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी एक पान लिहायला सांगितले, तर त्याला आपल्याच प्रश्नाचा धागा पुढे नेता आला नाही. या दोघांवरून मी कोणताही नियम काढत नाही. माझा स्वतःचा अंदाज किती वेळा चुकला असेल याची मात्र त्यानंतर मला धास्ती बसली.

पुण्यातल्या वर्गात याहून वजनदार अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे शाळेचे माध्यम. बारामती, बीड किंवा नंदुरबारहून मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी, मग तो मुलगा असो वा मुलगी, पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा पाठ करतो, कारण आशय समजला तरी तो स्वतःच्या इंग्रजीत लिहिण्याची हिंमत नसते. हाँगकाँगमध्ये डेव्हिड केंबर आणि लिन गाउ यांनी दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत अशीच एक ‘अरुंद’ रीत नोंदवली होती: ठरवून दिलेला तुकडा घ्यायचा, तो समजून घ्यायचा, पाठ करायचा आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा. प्रश्नावलीवर असा विद्यार्थी वरवरचा ठरतो, तर त्यालाच मराठीत बोलते केले की चित्र पालटते. तुमच्या वर्गात मुलींमध्ये आणि मुलग्यांमध्ये मराठी माध्यमाचे प्रमाण वेगळे असेल, तर माध्यमामुळे पडलेला फरक तुम्ही लिंगाच्या खात्यावर जमा कराल. घरात पदवीपर्यंत शिकलेले कोणी आहे की नाही, याचेही तसेच.

वेळ आणि जागा यांविषयी आपण बहुधा बोलतच नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात असे दिसले. हा आकडा केवळ विद्यार्थ्यांचा नाही. सहा वर्षांवरचे सगळेच त्यात आले. तरीही हडपसर किंवा भोसरीहून दोन बस बदलून येणारी मुलगी घरी पोहोचल्यावर पुस्तक उघडते की कणीक मळायला घेते, हे विचारल्याखेरीज तिच्या अभ्यासाच्या रीतीवर मत देऊ नये. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांकडून आठवड्याभराची अभ्यासाची नोंदवही लिहून घेत असे: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, काय. त्यात मला सर्वांत बोलका रकाना ‘कोणाबरोबर’ हा वाटला. वसतिगृहातले मुलगे रात्री अकरानंतर एकमेकांच्या खोलीत किंवा चहाच्या टपरीवर बसून ‘तू मला हे समजाव, मी तुला ते’ असा अभ्यास करत. मुलींच्या वसतिगृहाचे दार त्याआधीच लागलेले असे, आणि घरी राहणाऱ्या मुलींना तर संध्याकाळनंतर बाहेर पडणेच अवघड. आमच्या वेळी दिवेलागणीच्या आत घरी परतायचे हा अलिखित कायदा होता. माझा भाऊ ‘मित्राकडे अभ्यासाला’ जाऊ शके, मी अर्थातच नाही. आता वेळ थोडी पुढे सरकली आहे, एवढेच. शंका बोलून दाखवण्याचा सराव जिथे होतो ती जागाच एकाला खुली आणि दुसरीला बंद असेल, तर वर्गात कोण बोलेल हे आधीच ठरलेले असते.

मुली वर्गात बोलत नाहीत याची आणखी एक बाजू आपल्या हातातली आहे. अ‍ॅलिशिया कार्टर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दहा देशांतल्या २४७ विद्यापीठीय व्याख्यानांमध्ये कोण प्रश्न विचारते हे मोजले. श्रोत्यांतले प्रमाण लक्षात घेऊनही स्त्रिया कमी प्रश्न विचारत होत्या, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर हे प्रमाण आणखी घटत होते. ते श्रोते प्राध्यापक आणि संशोधक होते. दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीची गोष्ट तर सोडाच. त्याच्याही कितीतरी आधी मेरी बड रो यांनी दाखवले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर अधिक विद्यार्थी, अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक उत्तरे देतात. मी माझ्या वर्गात प्रश्न विचारल्यावर सर्वांना दोन मिनिटे कागदावर उत्तर लिहायला सांगू लागले आणि मग कोणालाही वाचून दाखवायला सांगे. पहिला हात वर करण्याची शर्यत संपली, तशी ‘मुली बोलत नाहीत’ ही तक्रारही माझ्यापुरती संपली.

या संदर्भात एक पडताळा पुण्यात सहज उपलब्ध आहे. कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेने १९९१ मध्ये खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. जिथे वर्गात सगळ्या मुलीच असतात तिथे मागच्या बाकावरून टोमणा मारणारी, सरांशी वाद घालणारी, जर्नल शेवटच्या दिवशी पुरे करणारी आणि रात्र जागून पेपरची तयारी करणारीही मुलगीच असते. वर्गातल्या या भूमिका कोणीतरी भरतेच. मिश्र वर्गात त्यांची वाटणी आपण आधीच करून टाकलेली असते. खुद्द कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखला, त्यात मातृभाषेचे माध्यम आणि गृहजीवनाला उपयोगी विषय घातले, आणि त्यासाठी जपानमधल्या महिला विद्यापीठाचे उदाहरण समोर ठेवले. मुलींना दारातून आत आणण्यासाठी त्या काळी उचललेले ते पाऊल होते. त्याच परंपरेतल्या संस्थेत आज मुली तीच यंत्रे आणि तीच गणिते शिकतात जी तुमचे विद्यार्थी शिकतात.

आता तुमच्या प्रश्नावलीविषयी. बिग्ज, केंबर आणि लिऊंग यांनी २००१ मध्ये सुधारलेली वीस विधानांची प्रश्नावली छोटी आहे आणि वर्गात दहा मिनिटांत भरून होते. दहा विधाने सखोल रीतीची, दहा वरवरच्या रीतीची, आणि दोन्हींत निम्मी हेतूविषयी, निम्मी पद्धतीविषयी. ती वापरताना विद्यार्थ्यांना ‘तुम्ही अभ्यास कसा करता’ असे मोघम विचारू नका. ‘या सत्रातल्या अमुक विषयाचा’ असे स्पष्ट सांगा आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या स्वभावाच्या विषयांसाठी, म्हणजे एक गणिती आणि एक वर्णनात्मक, अशी दोनदा भरून घ्या. एकाच विद्यार्थिनीच्या दोन विषयांतल्या आकड्यांमधला फरक मुली-मुलग्यांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर स्टाफरूमला दाखवायला त्याहून चांगला तक्ता मिळणार नाही. मराठी भाषांतर करणार असाल तर दुसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि पाच-सहा विद्यार्थ्यांना प्रत्येक विधानाचा अर्थ विचारा. ‘पाठ करणे’ हा शब्द काहींना शिवी वाटतो आणि काहींना शाबासकी, हे तेव्हाच कळेल. मुली आणि मुलगे विधानांचा अर्थ सारखाच लावतात की नाही हे तपासल्याशिवाय त्यांच्या सरासऱ्यांची तुलना करणे म्हणजे एकीला मीटरने आणि दुसऱ्याला हाताने मोजण्यासारखे आहे; संख्याशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याची यात मदत घ्या.

लिंगाच्या रकान्यात दोनच चौकोन ठेवू नका, पण साठ जणांच्या वर्गात तिसरा चौकोन भरणारी एखादीच व्यक्ती असेल तर तिची ओळख उघडी पडेल, हेही ध्यानात असू द्या; हा रकाना ऐच्छिक ठेवावा आणि इतक्या लहान गटाचे आकडे स्वतंत्रपणे छापू नयेत. प्रश्नावली तुम्ही स्वतः, गुण देणाऱ्या शिक्षिका म्हणून, घेऊ नका. दुसऱ्या विभागातल्या कोणाकडून निनावी भरून घ्या, नाहीतर सगळेच सखोल निघतील. सोबत शाळेचे माध्यम, राहण्याची जागा, रोजचा प्रवास आणि घरकामाचे तास हे चार रकाने जोडा. आधी हे चार घटक हिशेबात धरा आणि मग लिंगाचा किती फरक उरतो ते पाहा. जो उरेल त्याच्याशेजारी त्याचा आकार लिहा, केवळ ‘सार्थ’ हा शब्द नको.

हे सगळे करण्याआधी एक काम मात्र उरकून घ्या, त्याला कोणाची परवानगीही लागत नाही. तुमच्या विषयाच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन प्रत्येक प्रश्नासमोर खूण करा, की तो न समजता, केवळ पाठ करून पूर्ण गुण मिळवत सोडवता येईल की नाही. तशा प्रश्नांच्या गुणांची बेरीज करा आणि ती स्टाफरूमच्या टेबलावर ठेवा.